ढिगातलं ताट

जाधव मॅडम पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या तेव्हा रिक्षातून उतरल्या आणि मागून दोन पोती उतरवली. मला वाटलं, गिऱ्हाईक आलं. मी खुर्ची पुसली, चहा सांगितला. बाईंनी ती पोती उचलून थेट माझ्या टेबलावर उपडी केली. थर्माकोलचे तुकडे, फ्लेक्सच्या चिंध्या, चमकीची झालर, चेपलेले प्लास्टिकचे ग्लास.

"शिंदे तुम्हीच ना? तुमचं सामान मैदानात विसरलात. म्हटलं, गरजेचं असेल, पोचवावं."

"मॅडम, हे सामान नाही हो, कचरा आहे."

"असं कसं? काल तुम्हीच ह्याला डेकोरेशन म्हणत होतात."

आता ह्यावर काय बोलणार, कपाळ! मी मंडपवाला. कोपरखैरण्यातली निम्मी लग्नं, सगळे वाढदिवस आणि झाडून सगळ्या पक्षांच्या सभा माझ्याच खुर्च्यांवर बसून झाल्यात. मला आजवर लोकांनी लाइट गेली म्हणून शिव्या घातल्या, पंखा लागला नाही म्हणून घातल्या, पण कार्यक्रम चांगला झाल्यावर दुसऱ्या दिवशी येऊन झापणारी ही पहिलीच बाई. चहा मात्र प्यायल्या. कागदी कपातला नाही. पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढला, त्यात ओतून घेतला, संपवला, फडक्यानं पुसून परत पिशवीत टाकला. जाताना थर्माकोलचा एक तुकडा उचलून माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "ह्याचं उद्या काय? तेवढं मला सांगा, मग खुशाल लावा."

हा त्यांचा ठेका. ह्याचं उद्या काय? शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या, तेव्हाही म्हणे पोरांना हेच विचारायच्या. रंगाचं पाणी बेसिनमध्ये ओतायला निघालेला पोरगा दारातच थबकायचा. उंच, काटकुळ्या, खांद्याला कापडी पिशवी आणि चालणं असं की मागच्याला धाप लागावी. त्या पिशवीत पेला, चमचा आणि सुतळीचा गुंडा कायम असायचा. सुतळी कुठून यायची? माझ्याच मंडपातून. आमच्याकडे मंडप उतरवताना पोरं सुतळीवर सुरी फिरवतात, खट खट खट, अर्ध्या तासात बांबू खाली. मॅडमना ते बघवायचं नाही. "कापायची नाही रे बाबांनो, सोडवायची." पोरं माझ्याकडे बघायची. मी आकाशाकडे बघायचो. आणि ही बाई शिडीच्या खालच्या पायरीवर बसून नखांनी एकेक गाठ सोडवत बसायची.

निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नातवंडं सांभाळतात. मॅडमनी उत्सव काढला. खाडीकडच्या बाजूला आमचं एक मैदान आहे, पलीकडे तिवरांची झाडी. तिथे थंडीतल्या एका रविवारी, सकाळपासून दिवे लागायच्या आत, गाणी, चित्रं, मातीकाम, नाच. अट एकच. सोमवारी सकाळी मैदान बघणाऱ्याला कळता कामा नये की काल इथे काही झालं होतं. मंडप अर्थातच माझा. मी नाही म्हणायला गेलो होतो, आणि परत आलो तेव्हा फ्लेक्सच्या जागी जुन्या साड्या शिवून पडदा करायचं कबूल करून बसलो होतो. आमची ही म्हणाली, "तुम्हाला कुणीतरी भेटायलाच हवं होतं."

साड्यांचं ठीक. मग स्पीकरची पाळी. मी आपले नेहमीसारखे लावले, तर मॅडम धावत आल्या. "तोंडं खाडीकडे नकोत, शिंदे. तिकडे पाहुणे उतरलेत." पाहुणे म्हणजे फ्लेमिंगो! स्पीकर माझे, वायर माझी, आणि तोंड कुठे करायचं ते ठरवणार गुलाबी पक्षी. पण फिरवले बुवा. ह्या बाईशी वाद घालण्यापेक्षा स्पीकर फिरवणं सोपं होतं.

आमच्या एरियातल्या एका पुढाऱ्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. त्याची माणसं गेटवर लावायला फ्लेक्स घेऊन आली. वर भाऊंचा हात जोडलेला फोटो, खाली पोरांचे चौकोनी चेहरे. म्हटलं, आता राडा होणार. मॅडम गोड हसल्या. म्हणाल्या, "भाऊंचं नाव असं छापील कशाला? आमच्या मुली स्वतःच्या हातानं काढतील." आणि खरंच काढलं की. गेटच्या बरोब्बर मधोमध, रांगोळीत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. भाऊ आले, खूश झाले, फोटो काढले. मग त्यांच्या लक्षात आलं की आत जायचं तर नावावर पाय द्यावा लागतोय. कार्यकर्त्यांची तर हिंमतच होईना. मागे गर्दी तुंबली, पोरं रडायला लागली, ढोलकीवाला ढोलकी डोक्यावर धरून कुंपणातून आत यायला बघत होता. शेवटी भाऊच ओरडले, "अरे पुसा ते नाव, लोकांना आत जाऊ द्या!" मॅडमनी लगेच माइकवरून सांगितलं, "आपलं नाव स्वतःहून पुसणारे भाऊ हे पहिलेच पुढारी. टाळ्या!" काय टाळ्या पडल्या म्हणता! भाऊंनाही वाजवाव्या लागल्या.

एवढं सगळं जमवणारी बाई अडली कुठे, तर जेवणात. घणसोली गावातल्या बचत गटाच्या बायका तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाची आमटी करायच्या. आहाहा! पण वाढायचं कशात? पहिल्या वर्षी कागदी प्लेटा आणल्या. मॅडमनी एक भिजवून सोलली, तर आतून प्लास्टिकचा पापुद्रा निघाला. दुसऱ्या वर्षी पत्रावळी मागवल्या, त्या आल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून. मॅडम ते प्लास्टिक हातात धरून कितीतरी वेळ उभ्या होत्या. मला हसू आवरेना. तिसऱ्या वर्षी त्यांनी ठरवलं की बस झालं, लोकांनी घरूनच ताट आणायचं. साधी गोष्ट. त्यांना वाटलं साधी, मलाही वाटलं साधी.

इथे त्यांच्या वडिलांना आणायला हवं. धोंडू सखाराम जाधव, सगळ्यांचे तात्या. मूळ चिपळूणकडचे. तुर्भ्याला कारखान्यात जन्म गेला, पण वस्तीत त्यांची ओळख गाण्याची. त्यांची गायन पार्टी होती. बुद्धजयंती असो, बाबासाहेबांची जयंती असो, बारसं असो, तात्या पेटी घेऊन बसले की माणसं हलायची नाहीत. त्या वर्षी वयानं आणि दम्यानं आवाज चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाणं आता पुरे. मॅडमना एकच ध्यास लागला होता. तात्यांनी एकदा ह्या मैदानात, उघड्यावर, सगळ्या कोपरखैरण्यासमोर गावं. गेल्या वर्षी नको म्हणाले, त्याच्या आधी आजारी पडले. ह्या वर्षी मात्र हो म्हणाले होते. पेटीचा भाता दुरुस्त करून घेतला होता. मॅडम मला फोनवर म्हणाल्या, "शिंदे, ह्या वर्षी नाही झालं तर मग नाहीच." असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

उत्सवाच्या आधीच्या आठवड्यात रिक्षा फिरवली. भोंगा माझा, मजकूर मॅडमचा. "सर्वांना सप्रेम निमंत्रण! जेवणाची सोय केलेली आहे. येताना आपापलं ताट, वाटी, पेला घेऊन यावे." रिक्षा तात्यांच्या खिडकीखालून गेली.

संध्याकाळी मॅडमचा निरोप आला म्हणून मी पेटीसाठी बैठक केवढी हवी ते मापायला घरी गेलो, तर घरात सन्नाटा. पेटीवर कापड घातलेलं. तात्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून.

"मी नाय येनार," तात्या म्हणाले. "मंडपवाले, बैठक-बिठक काय करू नका."

"अहो तात्या, झालं काय पण?" मॅडम म्हणाल्या.

"तू सांगितलंस ना भोंग्यावर, आपलं ताट घेऊन या म्हनून. मी न्यायचो लहानपनी. पुष्कळ नेलं. आता नाय नेनार."

मॅडम खाटेच्या कडेला बसल्या. त्यांना कळलं. मला नाही कळलं, मी आपला टेप हातात धरून उभा. तात्यांनी मग माझ्याकडे तोंड वळवून सांगितलं, कारण लेकीला सांगायची गरज नव्हती.

"गावात जेवनावळ असली ना, की आमी आमचं ताट घरनं न्यायचं. मांडवात नाय, मांडवाच्या भायेर बसायचं. आयेनं शिकवलेलं मला, ताट खाली ठेवायचं आनि हात मागं घ्यायचा. वाढनारा वरनं टाकायचा. आमटी अंगावर उडायची. जेवलं की ताट घेऊन घरी, आनि लांब जाऊन घासायचं. समजलं काय?" त्यांना धाप लागली. पाणी प्यायले. "मुंबईला आलो तवा पैल्यांदा हाटेलात गेलो. पोऱ्यानं ताट आनून आपटलं समोर. माझ्या आधी त्यात कोन जेवला, माझ्यामागनं कोन जेवनार, कुनाला पत्ता नाय. कुनाचंच नाय ते ताट! मी दोन वेळा आमटी मागून घेतली. तवा मला कळलं, शहर कशाला म्हनतात."

मग मॅडम म्हणाल्या, "चुकलं माझं, तात्या."

"तुझं काय चुकलं? तुला कुठं न्यावं लागलं ताट? म्हनूनच तर शिकवली तुला." असं म्हणून म्हातारा परत भिंतीकडे वळला.

खाली उतरताना मी म्हटलं, "मॅडम, एक करू. तात्यांपुरती एक पत्रावळ ठेवू. कुणाला कळणार आहे?"

त्या जिन्यातच थांबल्या. "शिंदे, सगळ्यांना ताट आणि एकट्या माझ्या बापाला पत्रावळ? म्हणजे परत वेगळंच बसवायचं ना त्यांना?"

"मग आणू या प्लेटा," मी म्हटलं, "एका वर्षानं काय आभाळ कोसळतंय?"

"त्यांचं उद्या काय?" म्हणाल्या, पण ह्या वेळी मला नाही, स्वतःलाच विचारल्यासारखं. पुढच्या वळणापर्यंत चालत गेल्या, तिथून परत आल्या. "हॉटेलातलं ताट," म्हणाल्या. "कुणाचंच नाही ते ताट. तेच करायचं."

दुसऱ्या दिवशी रिक्षा परत फिरली, तात्यांच्या खिडकीखालूनही. भोंगा माझाच. "ताट घेऊन यायचं आणि ढिगात टाकायचं! आपल्या ताटात आपण जेवायचं नाही! जे हाताला लागेल ते घ्यायचं, जेवल्यावर घासायचं, आणि घरी जाताना आपापलं घेऊन जायचं!"

काय गहजब झाला म्हणून सांगू! सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, ईईई, दुसऱ्याच्या ताटात? मॅडम दारोदार गेल्या. "हॉटेलात तुमच्या नावाचं ताट असतं का हो?" एक काका म्हणाले, आमच्या घरात एकमेकांच्या ताटातही जेवत नाहीत. मॅडम म्हणाल्या, "मग या की, मोकळे व्हाल." उकळत्या पाण्याची सोय करू, ढिगात जाण्याआधी प्रत्येक ताट धुऊन घेऊ, रिठ्याच्या पाण्यानं घासू, सगळं समजावलं. काहींनी दार लावून घेतलं. लावलेल्या दारांवरही त्या संध्याकाळी परत गेल्या. बचत गटातली कमळामावशी मला म्हणाली, "शिंदेभाऊ, या बाईला थकवाच नाय हाय."

तात्यांना त्यांनी काही म्हणजे काही सांगितलं नाही. या म्हणाल्या नाहीत, रुसल्या नाहीत. पेटी मात्र मैदानात आणून ठेवली, साड्यांच्या पडद्यासमोर, कापड काढून.

रविवारी ढीग वाढत गेला. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची केवढी हौस! चि. सौ. कां. अमकी हिस मामाकडून सप्रेम भेट. कै. तमकीच्या स्मरणार्थ. लोक ताट उचलायचे आणि मोठ्यानं वाचायचे, "कुसुम वामन कोण?" लांबून कुसुम हात वर करायची, "मी! नीट घासा हं!" हशा व्हायचा. नाक मुरडणाऱ्या बायकाच जास्त ओरडत होत्या.

आणि तात्या आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात पिशवी. मॅडम भाकऱ्यांच्या टोपलीपाशी होत्या, तिथेच थांबल्या. तात्यांनी पिशवीतून ताट काढलं. जाड, जुनं स्टील, काठावर टिंबाटिंबांनी नाव, धोंडू सखाराम जाधव. धुणाऱ्या बाईकडे दिलं, धुतलेलं परत घेऊन स्वतःच्या हातानं ढिगावर ठेवलं. आणि तिथेच खुर्ची ओढून बसले. जेवायला उठेनात, गायला जाईनात. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "आधी बघू दे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हाताऱ्याला दुसऱ्याच्या ताटात जेवायची अडचण नव्हतीच. त्याला बघायचं होतं, त्याचं ताट कोण उचलतंय. आणि उचलून, नाव वाचून, खाली ठेवतंय का.

एक बाई आली, तात्यांच्या ताटाला हात लावला, आणि तिच्या पोरानं हाक मारली म्हणून तशीच गेली. मॅडम टोपली सोडून दोन पावलं पुढे आल्या होत्या. मी खुणेनं विचारलं, मी उचलू? त्यांनी जोरात मान हलवली. नाही. तेवढ्यात ढोलपथकातली पोरंपोरी भुकेली होऊन एकदम ढिगावर तुटून पडली. खणखणाट! आरडाओरडा! पाठीच पाठी, काही दिसेना. गर्दी सरली तेव्हा ढीग अर्धा झाला होता आणि तात्यांचं ताट गेलं होतं. कुणी नेलं, कुणालाच दिसलं नाही.

तात्या उठले. हाताला लागलं ते ताट घेतलं, डोळे बारीक करून नाव वाचलं, रांगेत उभे राहिले. कमळामावशीनं आमटी वाढली. ते म्हणाले, "अजून टाक." मग गायले. पहिली ओळ फाटली, दुसरीला खोकला आला. तिसरीला असा आवाज लागला की बस्स! मी आवाज वाढवायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. गरजच नव्हती. मॅडम भाकऱ्यांमागे उभ्या राहून रडत होत्या, डोळ्यांना पदर न लावता, उघड उघड. मीही रडलो, उगाच खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी जो तो आपापलं ताट घेऊन घरी गेला. तात्यांचं सापडेना. ढीग संपला तरी सापडेना. कुणीतरी चुकून आपलं म्हणून घरी नेलं होतं. मॅडम अस्वस्थ झाल्या. त्यांच्या उत्सवातून वस्तू हरवते म्हणजे काय! माइक हातात घेऊन पुकारा करायला निघाल्या, तर तात्यांनी हात धरला.

"नको गो, पुकारू नकोस."

"अहो पण ताट गेलं तुमचं!"

"जाऊ दे." म्हातारा हसत होता. पोट धरून, खोकत खोकत हसत होता. "अगं, माझं ताट कुनाच्या तरी मांडनीला लागलंय. कुनाच्या घरात, कुनाला म्हायत! राहू दे तिथंच."

तात्या पुढच्या उत्सवाआधीच गेले. मॅडमनी त्या वर्षीही उत्सव केला, त्याच्या पुढच्याही वर्षी केला. थकत चालल्या होत्या, गुडघे बोलायला लागले होते, पण सुतळी सोडवायला बसल्या की उठायच्या नाहीत. मग कळलं की गावाकडे राहायला जाणार आहेत, उत्सव आता बचत गटाच्या बायका आणि आम्ही चालवायचा. त्यांच्या त्या शेवटच्या उत्सवात मी जेवायला गेलो, ढिगातून ताट उचललं, सवयीनं नाव वाचलं. धोंडू सखाराम जाधव.

कोण घेऊन आलं होतं, कधी टाकलं, काही पत्ता नाही. रोजच्या घासण्यानं नाव पुसट झालेलं, तळाला नव्या ओरखड्यांची जाळी. इतकी वर्षं कुणीतरी त्यात जेवत होतं. मी तसाच मॅडमकडे गेलो. त्या रिठ्याच्या पाण्याच्या टबाशी बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत ओले. मी ताट पुढे धरलं. त्यांनी नावावरून अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"मग जेवा की ह्यात."

जेवलो. घासून, पुसून परत आणून दिलं. म्हटलं, "मॅडम, आता तरी हे घरी न्या. गावी घेऊन जा बरोबर."

"नेते," त्या म्हणाल्या. ताट मांडीवर घेतलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "आणि ह्याचं उद्या काय, शिंदे? कपाटात ठेवू? हार घालू?"

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, ढिगापाशी गेल्या आणि ताट वर टाकलं. खणकन वाजलं. रांगेतल्या पुढच्या माणसानं, आमच्याकडे नवीनच राहायला आलेला असावा, ते उचललं आणि मोठ्यानं वाचलं, "धोंडू सखाराम जाधव! कोण हो हे?"

मॅडम तोवर परत टबाकडे वळल्या होत्या. मागे न बघताच त्यांनी कमळामावशीला हाक मारली.

"वाढ गं त्यांना. जवळून वाढ. आणि आमटी दोन वेळा."